जीपचं पोट धुतलं त्याची गोष्ट

आमच्या अण्णांच्या जीपनं येडगावच्या जमिनीला जेवढं ऑइल पाजलं, तेवढं पाणी धरणानंसुद्धा पाजलं नसेल. जिथं उभी राहील तिथं ती खूण ठेवून यायची. नारायणगावच्या स्टँडसमोर तिचा डाग, पिठाच्या गिरणीपुढं तिचा डाग, देवळाच्या पारापाशीही एक. अण्णा कुठं गेलेत हे आमच्या घरी कुणी विचारत नसे. थेंबांच्या मागं मागं चालत गेलं की टोकाला अण्णा सापडायचे. अंगणातला डाग तर इतका जुना आणि इतका तुकतुकीत होता, की पावसाळ्यात बेडूक त्यावर उडी मारायचा आणि घसरत थेट न्हाणीपर्यंत जायचा. आमच्या कोंबड्यांचे पाय काळे होते. पाहुण्यांना वाटायचं ही काहीतरी खास जात असावी, आणि एक लांबची मावशी तर उबवायला अंडी मागून घेऊन गेली. आई रोज सकाळी चुलीतली राख त्या डागावर पसरायची, खराट्यानं ओढून काढायची, आणि काढता काढता जीपचा असा उद्धार करायची की तो ऐकायला मी जागी असूनही अंथरुणात पडून राहायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वडाप करायचे. म्हणजे एसटी जिथं यायला लाजते तिथली माणसं जीपमध्ये कोंबायची, नारायणगावला नेऊन ओतायची, आणि संध्याकाळी उरलीसुरली परत आणायची. गाडी नऊ माणसांची होती, असं गाडी बनवणाऱ्यांचं मत. अण्णांचं मत वेगळं होतं. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, टपावर टोमॅटोच्या पाट्या आणि पाट्यांवर पुन्हा माणसं. तरी कुणी हात केला तर अण्णा गाडी थांबवून आत तोंड करून म्हणायचे, "जरा श्वास सोडा रं, अजून एकाची जागा व्हईल." आणि व्हायची. बाजाराच्या दिवशी एका आजोबांनी चुकून शेजारच्याच्या खिशातली तंबाखू स्वतःच्या हातानं काढून स्वतःच्याच तोंडात घातली, इतकी सगळ्यांची अंगं एकमेकांत गेलेली असायची.

पण सकाळची पहिली फेरी वेगळी. तिच्यात फक्त पोरी. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या आम्ही सात जणी नारायणगावच्या ज्युनिअर कॉलेजला जायचो. मी अकरावी सायन्सला होते, आणि आमच्या घरात 'सायन्स' हा शब्द एखाद्या नाजूक आजारासारखा हळू आवाजात उच्चारला जायचा. सकाळची एसटी होती, नाही असं नाही; पण ती यायची तेव्हा कॉलेजात दुसरा तास संपत आलेला असायचा, आणि ज्या दिवशी वेळेवर यायची त्या दिवशी थांबायची नाही. बाकीच्या सहा जणींना घरच्यांनी पाठवलं होतं ते केवळ एका वाक्यावर: "अण्णांच्या गाडीतनं जाती ना, मग जाऊ दे." त्यामुळं सात पोरींचं शिक्षण चार टायरांवर उभं होतं, आणि त्यांतले दोन गुळगुळीत होते.

त्या शुक्रवारी दिवेलागणीला आई भाकरी थापत होती. आमच्याकडं भाकरीचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू जायचा. आई थापायची तशी भाकरी मी नंतर कुठंच पाहिली नाही. तिनं एकदा थापायला घेतली की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भूक लागून उठायची. अण्णा पाटावर बसले, ताटातली मिरची बाजूला सारली आणि ताटालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "सोमवारी मंचरचं गिऱ्हाईक येतंय जीप बघायला."

आईचे हात थांबले. "कशापायी?"

"वसंता फिटर म्हणला, इंजिनाचं मागचं सील गेलंय. इंजिन खाली उतरवावं लागंल. दोन वर्सं झाली गळतीया, आता बास. मंचरवाला गाडी तोडून पार्ट इकतो. त्याला गळकी काय न् कोरडी काय."

"आन् पोरी कशानं जायच्या?"

"येष्टी हाय की," अण्णा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्या एसटीचं काय आहे हे चुलीजवळ बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. माझ्या मैत्रिणी सांगतात की त्या आपापल्या घरी रडल्या. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळायला लागला होता. वसंता फिटरला ते सील दिसलं कसं?

शनिवारी दुपारी अण्णा जीप उभी करून झोपले, तशी मी घरातली बॅटरी घेऊन अंगणात उताणी पडले आणि बाहेरूनच मान वाकडी करून जीपखाली उजेड टाकला. वर इंजिन असेल असं पुस्तकात दिलं होतं. मला दिसलं ते वारूळ. दोन वर्षांचं ऑइल आणि साऱ्या तालुक्याची धूळ यांची अशी पुटांवर पुटं चढली होती, की इंजिन कुठं संपतं आणि येडगाव कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या काळ्या गोळ्याला चार ठिकाणी थेंब लोंबत होते आणि एक एक करून टपकत होते. हरभरा टाकला असता तर उगवला असता. मी खरंच सांगते, एका जागी काहीतरी उगवलंही होतं. दोन पानं होती त्याला.

अण्णा उठल्यावर मी त्यांना गाठलं. "अण्णा, खालून धुऊन बघू की."

"काय बघायचं?"

"गळतंय कुठून ते."

"वसंतानं सांगितलंय ना."

"त्याला दिसलं का पण? मला तर इंजिनसुद्धा दिसलं नाही."

अण्णा चहा पीत राहिले. मला आधार मिळाला तो नानांचा. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, पलीकडच्या खोलीत राहायचे, दोन बैल राखायचे. नानांचं तोंड हे आमच्या घरातलं दुसरं इंजिन होतं, आणि तेही गळायचं. नानांनी उसात बिबट्या पाहिला तर तो नुसता बिबट्या नसायचा. नानांनी त्याला बॅटरीच्या उजेडात 'कोण गावचं पावणं?' असं विचारलेलं असायचं, आणि तो ओशाळून निघून गेलेला असायचा. वस्तीवर एक रीतच पडून गेली होती, की नानांनी काही सांगितलं तर आणखी दोघांनी सांगेपर्यंत जागचं उठायचं नाही. ही रीत नीट ध्यानात ठेवा, तिनं दुसऱ्या दिवशी आमची फजिती केली.

"दादा, पोरगी बरोबर बोलतीया," नाना म्हणाले. "बैल बाजारात न्यायच्या आधी आपण त्याची शिंगं साळतो, अंग धुतो. मग ही तर जीप हाय. अशी न्हेली तर मंचरवाला म्हणंल, हिला काय नांगराला जुंपत व्हता का?"

हे मात्र अण्णांना पटलं. मला चोर शोधायचा होता आणि अण्णांना नवरी नटवायची होती, पण दोघांना लागणारं पाणी एकच होतं. उद्या रविवारी जीप धुवायची ठरली.

आता खालून धुवायची म्हणजे खाली जायला पाहिजे. नाना लगेच जॅक आणि दोन विटा घेऊन आले. आई दारातून बाहेर आली, हात पदराला पुसत. "भावजी, त्यो जॅक चाक बदलायला असतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली ह्या घरातलं माणूस जायचं नाय. इटांवर तर मुळीच नाय. इटा फुटायला काय वेळ लागतो?"

"वहिनी, मी सोता ट्रकखाली झोपलेलोय, विटांवर. रातभर."

"म्हणूनच असं झालंय," आई म्हणाली आणि जॅक घेऊन आत गेली. आणि ती बरोबर होती. आज माझा मुलगा गाडी सर्व्हिसिंगला देतो. तिथं लोखंडी हातांवर गाडी माणसाच्या डोक्याच्या वर उचलतात आणि हा काचेच्या पलीकडं बसून मशिनचा चहा पितो. तो मला म्हणतो, घरी कुणी असले उद्योग करतं का? करतात रे बाबा. पण ज्याच्या घरात जॅक काढून घेणारी बाई असेल त्यानंच करावेत.

मग नानांनाच युक्ती सुचली. आमच्या घरामागून पाटाची चारी जाते. कालव्याचं पाणी शेतांना द्यायला जी लहान कालव्याची वाट काढलेली असते ती. आमच्या मागं जिथं तिचं लोखंडी दार आहे, तिथं दोन्ही काठ दगडांनी बांधलेले होते, मधे कमरेइतकी खोल मोकळी वाट, आणि रुंदी अशी की जीपची डावी चाकं एका काठावर आणि उजवी दुसऱ्या काठावर बरोबर बसतील. चारी महिनाभर कोरडी ठणठणीत होती. तळाला भेगा पडल्या होत्या. आईनं स्वतः जाऊन दोन्ही काठांवर पाय आपटून पाहिले, आणि मगच मान हलवली.

"पाणी कधी सुटायचं हाय?" तिनं विचारलं.

"बुधवारशिवाय न्हाई," नाना म्हणाले. "मी पाटकऱ्याला च्या पाजून इचारलंय." पाटकरी म्हणजे पाण्याची दारं उघडणारा सरकारी माणूस. आणि नानांवर कधी नव्हे तो त्या एका गोष्टीत सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण चहा खरोखरच पाजलेला होता. आईनं दूध मोजलं होतं.

रविवारी सकाळी इंजिन रात्रभराचं गार झालेलं होतं. तापल्या इंजिनाला रॉकेल लावायचं नाही, हे अण्णा रोजचे ड्रायव्हर असल्यामुळं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी जीप हळूहळू चारीवर चढवली. नाना पुढं उलटं चालत, दोन्ही हात हलवत, विमान उतरवल्यासारखे ओरडत होते. जीप गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, चारही चाकांना पुढून मागून पाटे-वरवंट्याएवढे दगड लावले. अण्णांनी बॅटरीची वायर सोडवली, डायनामोवर आणि इंजिनात हवा जाते त्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशव्या सुतळीनं बांधल्या. खाली चारीत ताडपत्री, तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर भुसा आणि राख, म्हणजे पडेल ते सगळं तिथंच मुरेल. मी आईची जुनी साडी अंगाला गुंडाळली, हातांत दुधाच्या पिशव्या चढवल्या, आणि डोळ्यांत काही पडू नये म्हणून नानांचा जत्रेतला हिरवा गॉगल लावला. त्या गॉगलमधून सगळं जग पालेभाजीसारखं दिसायचं.

एका डब्यात थोडं रॉकेल आणि ब्रश, बादलीत धुण्याच्या पावडरचं कोमट पाणी. नाना काठावर बसून वस्तू खाली द्यायला होते. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून बिडी काढली. आई स्वयंपाकघरात होती, भिंतीपलीकडं, तिला दिसणं शक्य नव्हतं. तरी तिथून आवाज आला, "भावजी, रॉकेलाचा डबा तुमच्या मांडीपाशी हाय." नानांनी बिडी कानावर ठेवली. नाना पुढं वर्षानुवर्षं सांगायचे, की वहिनीला भिंतीतून दिसतं.

मग आम्ही खरवडायला लागलो. अण्णा एका बाजूनं, मी दुसऱ्या. लोखंडी काही घासायचं नाही, पाइपला चीर पडते, म्हणून अण्णांनी लाकडाच्या चपट्या फळ्या तासून आणल्या होत्या. पहिलं पुट मऊ, लोण्यासारखं. त्याच्या आत घट्ट, त्याच्या आत दगड. आणि काय गंमत, त्या पुटांना रंग होते. वर राखाडी, ती खडी क्रशरच्या रस्त्याची. तिच्याखाली काळी कुळकुळीत, निमगाव साव्याच्या लग्नाची वऱ्हाडं नेली तेव्हाची. तिच्याही आत तांबडी, डिंगोऱ्याकडच्या वाटेची, तिकडच्या माळावर पावसात गाडी रुतली होती तेव्हा बसलेली. मी फळीवर गोळा घेऊन अण्णांना दाखवायची आणि अण्णा, जे घरात दिवसाला दहा शब्द बोलायचे, ते मान वर करून खरवडता खरवडता सांगायचे, "ही त्या लग्नातली. नवरदेवाचा काका रुसून उतरला व्हता. ही पावसाळ्यातली. समद्यांनी ढकलली व्हती, एक मास्तर सोडून." मला अण्णा एवढे बोललेले आठवत नाहीत. त्या गोळ्यांतून माझी स्वतःची हरवलेली रिबीन निघाली, एका चपलेचा अंगठा निघाला, कांद्याच्या सालीचे तर थर निघाले. सायन्सच्या पुस्तकात जमिनीच्या थरांचं चित्र होतं. ते मला त्या दिवशी कळलं, जीपच्या पोटाखाली.

आणि थरांखालून हळूहळू इंजिन उगवायला लागलं. आधी नुसता एक बोल्ट, मग बोल्टांची रांग, मग खाली ऑइल साठतं त्या चेंबरची वाटोळी कड. रॉकेलचा ब्रश फिरवला की काळं पाणी ओघळायचं आणि मागं चकचकीत धातू. मी प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून 'हे काय, हे कशाला' विचारत होते. भिंतीपलीकडून तीळ आणि खोबरं भाजल्याचा वास येत होता. आई मासवडी करत होती. आमच्याकडं मासवडी पाहुण्यासाठी करतात. तिनं ती जीपसाठी केली असावी, निघून चाललेल्या पोरीला जेवू घालतात तशी.

वर नाना गोष्ट सांगत होते. गोष्टीत एक अजगर होता आणि तो नानांना बैलाचा कासरा वाटला होता. मधेच नाना थांबले. साध्या आवाजात म्हणाले, "दादा, पाणी आलं."

"हां," अण्णा म्हणाले.

"चारीला पाणी आलंय, दादा."

"त्यात अजगर हाय का बघ," अण्णा म्हणाले आणि खरवडत राहिले.

"आता तुला कसं सांगू," नाना म्हणाले.

कोरड्या चारीतून पाणी येतं तेव्हा आधी त्याचा आवाज येतो. सुकलेला पाला पुढं लोटत, फेस, मुंग्या, काटक्या घेऊन ते एखाद्या जनावरासारखं सरसरत येतं. मला वाटलं सरडा आहे. मग माझ्या बुडाखालचं गोणपाट गार झालं. मी गॉगलमधून पाहिलं, तर हिरव्या पाण्याची एक जीभ माझ्या पायापाशी आली होती.

घाबरायला तसं कारण नव्हतं, पहिलं पाणी घोट्याएवढंच असतं आणि गाडी दगडांवर पक्की होती. आम्ही दोघं दोन बाजूंनी बाहेर निघालो. पण खाली ताडपत्री होती, आणि तिच्यावर दोन वर्षांचं ऑइल, रॉकेल आणि आमचे सगळे सकाळचे कष्ट. चारी पुढं जाते ती खालच्या शेतातल्या सोपानतात्यांच्या कांद्याच्या रोपांत. तोवर आई बाहेर आली होती, बेसनाचे हात तसेच. तिनं एक नजर टाकली. "चार टोकं धरा," ती म्हणाली. "येका दमानं उचला. सांडू नका." अण्णा पुढची दोन, नाना आणि मी मागची एकेक, आणि आई मधून आधार देत, अशी ती काळी झोळी आम्ही घोटाभर पाण्यातून वर काढली. नाना म्हणाले, "ह्याच्यापेक्षा माणूस हलकं असतं."

थोडंसं निसटलंच. पाण्यावर इंद्रधनुष्याची एक पातळ साय तरंगत पुढं गेली, आणि थोड्या वेळानं चारीच्या काठाकाठानं सोपानतात्या वर आले. चारीवर उभी जीप, तिच्या खाली पाणी, आणि काठावर कोळशाच्या खाणीतून निघाल्यासारखे तिघं. तात्यांनी टोपी सरळ केली.

"काय वं, माझ्या कांद्याला आत्तापास्नंच फोडणी घालताय व्हय?"

अण्णांनी हात जोडले. तात्यांनी आधी आपल्या दाराला फळी टाकून पहिलं पाणी नाल्याला सोडून दिलं होतं, म्हणून रोपं वाचली. मग त्यांनीच कोडं सोडवलं. "आवो, पाणी लवकर सोडा म्हणून आठ दिस पाटकऱ्याच्या मागं कोण लागलं व्हतं? तुमीच ना? त्यो बिचारा रविवारचा आलाय तुमच्यासाठी." अण्णांनी काळ्या हातानंच कपाळ बडवलं. कांदा वाळतोय म्हणून खरोखरच त्यांनी पाटकऱ्याला भंडावून सोडलं होतं. सरकारी पाणी जन्मात पहिल्यांदा वेळेआधी आलं ते असं, आमच्याच विनंतीवरून, आमच्याच अंगावर.

चारीवर गाडी चालू करायची अण्णांची तयारी नव्हती, म्हणून नानांनी बैल आणले आणि जीप दोरानं ओढून अंगणात घेतली. उरलेलं पोट आम्ही तिथं सांडपाण्याच्या मोरीवरच्या जाड फळ्यांवर चाकं चढवून, दगड लावून, बाहेरूनच बादलीच्या पाण्यानं धुतलं. झोळीतला गाळ एका फुटक्या पिंपात बंद झाला. त्यातलं वंगण नाना पुढचं वर्षभर बैलगाडीच्या आसाला लावत होते.

जेवायला बसलो तेव्हा दोन वाजून गेले असतील. मासवडी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. धुतलेली जीप उन्हात वाळत होती, आणि माझं जेवणात लक्ष नव्हतं, कारण तिच्या खाली एक नवीन, ताजा थेंब पडलेला मला दिसला होता. नानाही बघत होते. "दादा, आता ती जास्तच गळाया लागली. समदी भोकं त्या चिखलानं बुजवलेली व्हती. आपण तिचं आवरणच काढलं." अण्णा म्हणाले, "गळू दे. उद्याची गोष्ट हाय." आई मला रस्सा वाढायला वाकली आणि तर्रीचा एक थेंब काठवटीतल्या कोरड्या पिठावर पडला. पिठावर लगेच एक गडद ठिपका उठला. बाजूला हात धुतल्याचे पाण्याचे शिंतोडेही मघाशी उडाले होते, ते सुकून गेले होते. तेलाचा ठिपका तसाच, उलट पसरत होता.

मी घास खाली ठेवला. "आई, तांदळाची पिठी आहे का?"

"काय करायचीया?"

"जीपला लावायचीय."

आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग उठली, डबा काढला आणि त्याच्यावर चहाची गाळणीही ठेवून दिली. आईला कधी कधी पूर्ण सांगावं लागत नसे.

अण्णांनी पिशव्या सोडल्या, वायर जोडली. मी फडक्यानं इंजिन खालून आणि बाजूनं लख्ख कोरडं पुसलं आणि गाळणीनं सगळीकडं पिठी भुरभुरवली. मग सगळे लांब झालो. आई मधे उभी राहिली, गाडी चालू असताना कुणी वाकायचं नाही म्हणून. जीप खर्र खर्र करून चालू झाली, थरथरली, अंगावरची पिठी थोडी उडाली. नाना म्हणाले, म्हातारी पावडर लावून जत्रंला निघालीया. बऱ्याच वेळानं अण्णांनी ती बंद केली. गार होऊ दिली. आणि मग मी बॅटरी घेऊन वाकले.

तळाला चार थेंबांच्या जागी चार काळे डाग. त्या प्रत्येकातून एक ओली रेघ वर जात होती. मी एकीच्या मागं उजेड नेला, मग दुसरीच्या. चारही रेघा चेंबरच्या मागच्या बाजूनं चढत होत्या आणि वर जाऊन एक होत होत्या. मी उठून उभी राहिले आणि बॉनेटमधून पाहिलं. रेघ तिथंही होती. सील जिथं असतं ती जागा पांढरी कोरडी होती. रेघ पार वर, इंजिनाच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं त्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन संपत होती. दोन वर्षं सगळे खाली वाकून बघत होते आणि ते वरून गळत होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "इथं या."

अण्णांनी रेघेवर बोट ठेवलं आणि खालपासून वरपर्यंत ते सावकाश फिरवलं. मग पाना आणला आणि झाकणाचे बोल्ट सोडले. झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग शिळ्या भाकरीसारखं कडक झालेलं होतं, आणि मागच्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा उडालेला होता. एवढंसं. अण्णा तो तुटका कोपरा हातात घेऊन ओट्यावर बसले. आई बाहेर आली, तिनं पाहिलं, आणि परत आत गेली. आत गेल्यावर तिनं भांड्यांचा जो आवाज केला तो नेहमीचा नव्हता.

अण्णा सायकल काढून नारायणगावला वसंता फिटरच्या घरी गेले आणि नवीन पॅकिंग घेऊन आले. मागं कॅरिअरवर वसंता फिटर स्वतः होता, त्याला ते पाहायचंच होतं. त्यानं पिठाची रेघ पाहिली, वाकून, उभं राहून, पुन्हा वाकून, आणि मला विचारलं, "पीठ कोणतं?" तांदळाचं, मी सांगितलं. त्यानं मान हलवली. मग अण्णांकडं वळून म्हणाला, "पण भाऊ, मी म्हणलो व्हतो का न्हाई, मागूनच गळतंय म्हणून?" अण्णांनी त्याला उरलेली मासवडी वाढली. दिवस मावळायच्या आत नवीन पॅकिंग बसलं. जीपखाली मी पांढरी चादर अंथरली. अण्णांनी बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, आणि चादर पांढरी राहिली.

तरी जीपचा सौदा मोडला नव्हता. गिऱ्हाईक यायचं ते येणारच होतं, शब्द दिलेला होता. मला झोप लागली नाही असं सांगितलं तर शोभेल, पण मी मेल्यासारखी झोपले. सकाळी उठले तेव्हा मंचरचे पावणे अंगणात हजर होते, पांढरी पँट, हातात रुमाल. त्यांनी जीपला फेरी मारली. गुडघ्यावर बसले. खाली वाकून पाहिलं, मग आणखी वाकून पाहिलं, आणि जरा नाराज झाल्यासारखे उठले.

"गळती म्हणत व्हता ना वं?"

"गळत व्हती," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर पोरी जमायला लागल्या. नेहमीसारख्या, दप्तरं छातीशी धरून; त्यांतल्या सुनंदाच्या डोळ्यांखाली सूज होती. कुणी आत येत नव्हतं. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग पावण्यांकडं, मग खिशातून किल्ली काढली आणि मागचं फाळकं उघडलं.

"बसा पावणं, नारायणगावपर्यंत सोडतो तुमाला. पोरींची वेळ झालीया."

पावण्यांना काय झालं ते कळायच्या आत ते मागच्या बाकावर होते, सहा पोरींच्या मधे, मांडीवर तीन डबे आणि दोन प्रयोगवह्या घेऊन. मी पुढं बसले. अण्णांनी हॉर्न वाजवला, उगाचच, रस्त्यावर कुणी नव्हतं. अर्ध्या वाटेवर पावण्यांनी मागून विचारलं, "मग गाडीचं काय ठरलं म्हणायचं?"

"पोरींची परीक्षा व्हऊ द्या," अण्णा म्हणाले.

कुठली परीक्षा ते त्यांनी सांगितलं नाही आणि पावण्यांनी विचारलं नाही. मी अकरावी केली, बारावी केली, पुढं पुण्याला जाऊन पदवी घेतली, माझ्यामागून वस्तीवरच्या आणखी कितीतरी जणी त्या जीपमधून गेल्या. नाना शेवटपर्यंत सांगायचे, की मंचरचं ते गिऱ्हाईक अजून नारायणगावच्या स्टँडवर बसलंय, पांढरी पँट घालून, निकाल कधी लागतोय याची वाट बघत.